निसर्गदृश्यावरचे तारांकित आकाश टिपताना: तयारी, कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

तारांकित आकाशाचे छायाचित्र फसले की बहुतेकांचा पहिला प्रश्न आयएसओविषयी, म्हणजे कॅमेरा मिळालेला संकेत किती वाढवतो हे ठरवणाऱ्या आकड्याविषयी, असतो. हा प्रश्न फार उशिराचा आहे. चंद्र वर असताना, संधिप्रकाश पुरता मावळण्याआधी किंवा फोकस किंचित सरकलेला असताना घेतलेली फ्रेम कोणत्याही आयएसओने सुधारत नाही. यांपैकी पहिल्या दोन चुका घरी बसून टाळायच्या असतात आणि तिसरी जागेवर पोहोचल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत. म्हणून या लेखात कामाच्या क्रमाला सर्वाधिक महत्त्व दिले आहे. जो निर्णय दिवसा घेता येतो तो रात्रीवर ढकलू नये.

पुढील विवेचनात असे गृहीत धरले आहे की वाचकाकडे मॅन्युअल मोड असलेला कॅमेरा, स्थिर ट्रायपॉड आणि एफ/२.८ किंवा त्याहून मोठे अपर्चर (प्रकाश आत घेणारे छिद्र; एफचा आकडा जितका लहान तितके ते मोठे) देणारी वाइड लेन्स आहे. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर १४ ते २४ मिमी आणि त्याहून लहान अशा एपीएस-सी सेन्सरवर १० ते १६ मिमी ही फोकल लेंग्थ सोयीची ठरते. किट लेन्सने सुरुवात करण्यास हरकत नाही, मात्र एफ/४ वर एफ/२.८ च्या निम्माच प्रकाश मिळतो हे ध्यानात ठेवून टप्पा ७ मधील अनेक फ्रेमची पद्धत सुरुवातीपासूनच वापरावी.

टप्पा १: तारीख आणि वेळ ठरवणे

प्रथम चंद्र पाहावा. अमावस्येच्या मागचे-पुढचे चार-पाच दिवस सर्वांत सुरक्षित असतात, परंतु केवळ त्याच दिवसांवर अडून राहण्याचे कारण नाही. शुक्ल अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, त्यामुळे उत्तररात्र अंधारी मिळते. कृष्ण अष्टमीला तो मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, त्यामुळे पूर्वरात्र मोकळी असते. चंद्रोदय दररोज सरासरी पन्नास मिनिटांनी पुढे सरकतो, हे लक्षात घेऊन मधल्या दिवसांचा अंदाज करता येतो. शुक्ल तृतीया-चतुर्थीची पश्चिमेकडे झुकलेली कोर तर पुढच्या भूभागावर सौम्य उजेड टाकते आणि लवकर मावळून आकाश मोकळे करते. माझ्या मते नवशिक्यासाठी ठार अंधाऱ्या अमावस्येपेक्षा ही संध्याकाळ अधिक उपयोगाची आहे.

दुसरी गोष्ट संधिप्रकाशाची. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश जाईपर्यंत आकाशात त्याचा विखुरलेला प्रकाश शिल्लक असतो. विषुववृत्ताजवळ यासाठी सूर्यास्तानंतर सव्वा तासाच्या आसपास वेळ लागतो. समशीतोष्ण प्रदेशात दीड ते दोन तास लागू शकतात, आणि साधारण साडेअठ्ठेचाळीस अंशांपलीकडच्या अक्षांशांवर ऐन उन्हाळ्यात काही आठवडे पूर्ण अंधार होतच नाही. डोळ्यांना अंधार वाटू लागला म्हणून चित्रण सुरू करणे ही अत्यंत सामान्य चूक आहे. डोळ्यांना न दिसणारा निळसर प्रकाश सेन्सरला मात्र स्पष्ट दिसतो.

तिसरी गोष्ट म्हणजे आकाशात नेमके काय टिपायचे आहे. आकाशगंगेचा तेजस्वी गाभा धनू राशीत, वृश्चिकाच्या शेपटीलगत आहे आणि तो खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या नेमकी वर आकाशात कल्पिलेल्या रेषेच्या) सुमारे २९ अंश दक्षिणेस येतो. त्यामुळे २० अंश उत्तर अक्षांशावरून तो जास्तीत जास्त ४१ अंश उंच चढतो, ४० अंश उत्तरेवरून केवळ २१ अंश, तर ३० अंश दक्षिणेवरून जवळजवळ डोक्यावर येतो. उत्तर गोलार्धाच्या मध्यम अक्षांशांवर फेब्रुवारीअखेर ते एप्रिल या काळात तो पहाटे आग्नेयेला दिसतो. मे ते जुलैमध्ये मध्यरात्रीच्या आसपास दक्षिणेला असतो आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये संध्याकाळनंतर नैर्ऋत्येकडे कलतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्यच त्या दिशेला असल्याने गाभा दिसत नाही. त्या काळात मृग, रोहिणी, कृत्तिका आणि व्याध यांच्याभोवती रचना करावी. त्या बाजूचा आकाशगंगेचा पट्टा फिकट असतो, पण तारे ठळक असतात.

ऋतूनुसार पट्ट्याची ठेवणही बदलते. याच अक्षांशांवर वसंतातल्या पहाटे ती पूर्वेकडे आडव्या कमानीसारखी असते, तर ऑगस्ट-सप्टेंबरच्या संध्याकाळी नैर्ऋत्येला उभी राहते. त्यामुळे एकाकी सुळका किंवा उंच झाड हाताशी असेल तर उभा पट्टा शोभतो, आणि पसरट डोंगररांगेला आडवी कमान. प्रत्येक तारा दररोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतो, म्हणजे महिन्याला दोन तास. ढगांमुळे बेत एक महिना पुढे गेला तर तीच रचना दोन तास आधी मिळेल, असा हिशेब तोंडीही करता येतो.

तपासणी: सूर्यास्त, पूर्ण अंधाराची सुरुवात, चंद्रोदय किंवा चंद्रास्त, गाभ्याचा उदय आणि त्या वेळची त्याची दिशा अंशांमध्ये, या पाच नोंदी कागदावर लिहून घ्याव्यात. स्टेलॅरियम किंवा फोटोपिल्ससारख्या अ‍ॅपमध्ये त्या मिळतात, परंतु निर्जन जागी मोबाइलला रेंज असेलच असे नाही.

टप्पा २: जागेची निवड आणि दिवसा पाहणी

आकाशाच्या अंधाराचे १ (सर्वांत अंधारे) ते ९ (सर्वांत उजळ) असे वर्गीकरण जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये मांडले आणि प्रकाश-प्रदूषणाच्या नकाशांमध्ये तेच सर्रास वापरले जाते. चौथा वर्ग किंवा त्याहून अंधारी जागा मिळाली तर गाभ्याचे तपशील सहज उमटतात. तरीही केवळ वर्गाच्या आकड्यावर विसंबणे योग्य नाही. ज्या दिशेला कॅमेरा रोखायचा आहे त्या दिशेला शंभर किलोमीटरपर्यंत मोठे शहर आहे का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. शहर पाठीशी असेल तर मध्यम दर्जाची जागाही चांगले छायाचित्र देते. ते समोर असेल तर क्षितिजालगतचा नारिंगी उजेड नेमका गाभ्याच्याच उंचीवर पसरतो.

यानंतर जागा दिवसाउजेडी पाहावी. रात्री पुढच्या भूभागाचे रंग आणि बारकावे नाहीसे होतात व केवळ आकृती उरते, म्हणून ज्याची कडा आकाशावर स्पष्ट उठून दिसेल असे काही शोधावे: एकटे झाड, खडकाचा सुळका, डोंगराची तुटक धार. घनदाट रान दिवसा कितीही सुंदर असले तरी रात्री तो एक काळा पट्टा होतो. शांत पाण्यात ठळक ताऱ्यांचे प्रतिबिंब मिळते, परंतु वारा पडलेला असावा लागतो.

क्षितिजाची उंचीही मोजावी. हात पूर्ण ताणून धरलेली मूठ साधारण १० अंश व्यापते. समोरचा डोंगर दोन मुठी उंच असेल आणि त्या अक्षांशावर गाभा २१ अंशच चढत असेल, तर ती जागा त्या दिशेसाठी निरुपयोगी आहे. हे रात्री कळण्यापेक्षा दिवसा कळलेले बरे. ट्रायपॉडची जागा ठरली की तिथे दगडाची खूण करावी, आणि येण्या-जाण्याची वाट निदान एकदा चालून पाहावी.

हवामानाचा अंदाज पाहताना खालचे, मधले आणि उंचावरचे ढग वेगवेगळे पाहावेत. अनेक अंदाजांत ‘निरभ्र’ म्हटलेल्या रात्रीही उंचावर विरळ ढग असतात आणि त्यांतून तारे धूसर, वलयांकित दिसतात. कधी कधी हे दिसायला वाईट नसते, पण ते ठरवून व्हावे.

सावधान: कड्याची धार, भरती-ओहोटीच्या वेळा, साप व वन्यप्राण्यांचा वावर आणि रात्री थांबण्याची परवानगी या चार बाबींची खात्री दिवसाच करावी. कुठे जात आहोत आणि कधी परतणार, हे घरच्या कोणाला तरी सांगून ठेवावे. शक्यतो एकट्याने जाऊ नये.

टप्पा ३: घर सोडण्यापूर्वी कॅमेरा लावून ठेवणे

मेनूमधली जेवढी कामे आहेत तेवढी घरच्या दिव्याखाली उरकावीत. फाइल रॉ प्रकारात, म्हणजे सेन्सरची संस्करण न झालेली मूळ नोंद जपणाऱ्या स्वरूपात, ठेवावी. मॅन्युअल मोड निवडावा. ट्रायपॉडवर स्थिरीकरण बंद असावे, कारण हालचाल नसताना ते चालू राहिल्यास काही लेन्समध्ये तारे दुहेरी उमटतात. व्हाइट बॅलन्स (चित्राच्या रंगछटेचे सेटिंग) ऑटोवर न ठेवता ३८०० ते ४२०० केल्विनच्या दरम्यान एका आकड्यावर बांधावा, म्हणजे मालिकेतील सर्व फ्रेमचा रंग सारखा राहील. दीर्घ एक्स्पोजरसाठी असलेले नॉइज रिडक्शन (नॉइज म्हणजे चित्रातला नको असलेला दाणेदारपणा) बंद करावे, अन्यथा प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडून बसतो. स्क्रीनचा उजेड किमान पातळीवर आणावा.

लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काढून टाकावा, कारण त्याच्यामुळे तेजस्वी ताऱ्यांची आणि दूरच्या दिव्यांची खोटी प्रतिबिंबे उमटतात. बॅटऱ्या पूर्ण भरून घ्याव्यात आणि थंडीच्या जागी जादा बॅटरी अंगालगतच्या खिशात ठेवावी. हेडलॅम्पला लाल प्रकाश असणे आवश्यक आहे. डोळे अंधाराला सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात आणि पांढरा झोत क्षणभर पडला तरी ती सवड वाया जाते.

दवाचा विचार फारसा कोणी करत नाही, आणि रात्रीचे निम्मे काम त्यातच बुडते. उघड्या आकाशाकडे तोंड केलेली काच उष्णता बाहेर टाकत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. तिचे तापमान दवबिंदूखाली गेले की तिच्यावर बाष्प साचते. कापडाने पुसल्यास ते दोन-तीन मिनिटांत परत येते. खरा उपाय म्हणजे पॉवर बँकवर चालणारा हीटरचा पट्टा, आणि तो दव जमण्याआधीच सुरू करायला हवा. पट्टा नसेल तर लेन्स हूड लावावा आणि फ्रेमांच्या मध्ये लेन्स झाकून ठेवावी. याने दव लांबते, टळत नाही.

तपासणी: खोलीतला दिवा मालवून शटर, अपर्चर, आयएसओ, लाइव्ह व्ह्यूचे (स्क्रीनवरच्या थेट दृश्याचे) मोठे करून पाहण्याचे बटण आणि सेल्फ टायमर हे पाचही स्पर्शाने सापडतात का, ते पाहावे.

टप्पा ४: उजेड असताना मांडणी आणि भूभागाची फ्रेम

जागेवर सूर्यास्तापूर्वी तासभर आधी पोहोचावे. ट्रायपॉडचे आधी जाड भाग उघडावेत, मधला दांडा वर काढू नये आणि पाय मऊ मातीवर किंवा वाळूवर असल्यास दाबून बसवावेत. वारा असेल तर बॅग दांड्याला अशी अडकवावी की तिचा तळ जमिनीला टेकलेला राहील. अधांतरी लोंबणारी बॅग वाऱ्यावर हलते आणि कॅमेराही हलवते.

आकाश हा विषय असल्याने क्षितिज फ्रेमच्या खालच्या तृतीयांशात किंवा चतुर्थांशात ठेवावे. पातळी उजेडातच तपासावी, कारण अंधारात तिरके क्षितिज ओळखता येत नाही. गाभा कोणत्या दिशेने येणार ते कागदावर आहेच. त्यासाठी फ्रेममध्ये आत्ता मोकळी वाटणारी जागा सोडावी.

सूर्यास्तानंतर अर्ध्या-पाऊण तासाने निळसर उजेड उरतो, तेव्हा भूभागाची फ्रेम घ्यावी. आयएसओ १०० ते ४००, अपर्चर एफ/८ च्या आसपास आणि फोकस पुढच्या मुख्य वस्तूवर ठेवावा. उजेड झपाट्याने उतरत असल्याने दर पाच मिनिटांनी एक अशा चार-पाच फ्रेम घेऊन ठेवाव्यात. त्यांपैकी कोणती आकाशाशी जुळेल, हे नंतर ठरते आणि बहुधा सर्वांत काळोखी फ्रेमच जुळते. यानंतर ट्रायपॉडला हात लावू नये.

ही वेगळी फ्रेम घेण्याची गरज केवळ उजेडासाठी नाही. २० मिमी लेन्स एफ/२.८ वर अनंताला फोकस केली असता साधारण पाच मीटरपेक्षा जवळची वस्तू धूसर येते. २४ मिमीला हे अंतर सुमारे सात मीटर होते, १४ मिमीला जेमतेम अडीच. पायाशी असलेला खडक आणि तारे एकाच फ्रेममध्ये रेखीव हवे असतील, तर दोन फोकस आणि दोन फ्रेम यांना पर्याय नाही.

सावधान: भूभाग उजळण्यासाठी अंधारात टॉर्च फिरवणे टाळावे. प्रकाश सपाट पडतो, जवळचे गवत भाजल्यासारखे पांढरे होते आणि शेजारी कोणी चित्रण करत असेल तर त्याची फ्रेम नासते.

टप्पा ५: ताऱ्यांवर फोकस

या टप्प्याला हवा तेवढा वेळ द्यावा, कारण पुढचे सारे यावर उभे आहे. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर भरवसा ठेवू नये. बहुतेक ऑटोफोकस लेन्सचे कडे त्या खुणेच्या पलीकडेही फिरते आणि तापमानानुसार योग्य बिंदू थोडा सरकतो.

फोकस मॅन्युअलवर घ्यावा, अपर्चर पूर्ण उघडावे आणि तात्पुरता आयएसओ ६४०० पर्यंत वाढवावा. व्याध, अभिजित, स्वाती, अगस्त्य किंवा एखादा तेजस्वी ग्रह लाइव्ह व्ह्यूमध्ये आणून प्रतिमा दहापट मोठी करावी. ट्रायपॉड हलवायचा नसल्याने फ्रेममध्येच असलेला ठळक तारा घ्यावा; तो नसेल तर अतिदूरचा दिवा चालतो. कडे अगदी हळू फिरवत तारा लहानात लहान बिंदू होईपर्यंत आणावा, मग त्या बिंदूच्या पलीकडे थोडे जाऊन तो पुन्हा फुगतो हे पाहावे आणि मागे यावे. दोन्ही बाजूंनी ओलांडून पाहिल्याशिवाय मधला बिंदू खात्रीने कळत नाही.

वाइड लेन्सचे कोपरे आणि मध्य यांचा उत्तम फोकस अनेकदा एकाच बिंदूवर नसतो. अशा वेळी मध्यापासून सुमारे एक तृतीयांश अंतरावरच्या ताऱ्यावर फोकस केल्यास साऱ्या फ्रेममध्ये समतोल साधतो. कोपऱ्यांतले तारे पंख पसरलेल्या पाखरासारखे दिसत असतील, तर तो कोमा हा लेन्सचा दोष असतो. फोकस बदलून तो जात नाही. अपर्चर अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट) लहान केल्यास कमी होतो.

बिंदू सापडला की कड्यावर कागदी टेप लावावी. मात्र कडे यांत्रिक नसून विद्युत जोडणीने फोकस बदलणाऱ्या लेन्समध्ये टेपचा उपयोग नाही. त्यांपैकी अनेक लेन्स कॅमेरा बंद करताच आपला फोकस विसरतात, म्हणून बॅटरी बदलली की हा टप्पा पुन्हा पहिल्यापासून करावा.

तपासणी: दहा सेकंदांची एक फ्रेम घेऊन ती पूर्ण मोठी करून मध्य आणि चारही कोपरे पाहावेत. तापमान उतरत असल्यास दर अर्ध्या तासाने हीच तपासणी करावी.

टप्पा ६: एक्स्पोजर ठरवणे

पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश तासाला १५ अंश, म्हणजे सेकंदाला १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकते. शटर किती वेळ उघडे ठेवता येईल हे यावर आणि पिक्सेलच्या आकारावर ठरते. सर्वत्र सांगितला जाणारा पाचशेचा नियम असा आहे की ५०० ला फोकल लेंग्थने भागावे. २४ मिमीसाठी उत्तर जवळजवळ २१ सेकंद येते. आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर एक पिक्सेल सुमारे ६ मायक्रॉनचा असतो आणि २४ मिमी लेन्सवर तो आकाशाचा साधारण ५२ विकलांचा तुकडा व्यापतो. २१ सेकंदांत तारा खगोलीय विषुववृत्ताजवळ ३१५ विकला सरकतो, म्हणजे सहा पिक्सेल. एवढी रेघ मोबाइलच्या पडद्यावर खपते, छापील चित्रात खपत नाही. हा नियम फिल्मच्या काळाला पुरेसा होता, आजच्या सेन्सरसाठी तो सोडून द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी एनपीएफ नावाचे सूत्र वापरावे. अपर्चरच्या आकड्याला ३५ ने गुणावे, पिक्सेलच्या मायक्रॉनमधील आकाराला ३० ने गुणावे, दोन्हींची बेरीज करून तिला खऱ्या फोकल लेंग्थने भागावे. एफ/२.८ आणि ६ मायक्रॉनसाठी २४ मिमीवर साडेअकरा सेकंद आणि १४ मिमीवर वीस सेकंद अशी उत्तरे येतात. ४५ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर पिक्सेल लहान असल्याने २४ मिमीची मर्यादा दहा सेकंदांखाली उतरते. ध्रुवताऱ्याच्या दिशेला तारे संथ सरकतात, तिकडे याच्या दीडपट वेळ सहज चालतो.

शटरची मर्यादा ठरली, अपर्चर लेन्सच्या क्षमतेने ठरले, आता उरला आयएसओ. तो वाढवल्याने सेन्सरवर अधिक प्रकाश पडत नाही, मिळालेला संकेत केवळ वाढवला जातो. अंधाऱ्या जागी १६०० ते ६४०० या पल्ल्यातून सुरुवात करावी. ३२०० हा बहुतेक कॅमेऱ्यांसाठी योग्य आरंभ आहे. यापलीकडे आयएसओवर वाद घालण्यात रात्र घालवू नये. एफ/२.८ ऐवजी एफ/१.८ ची लेन्स सुमारे अडीचपट प्रकाश देते; कोणत्याही आयएसओने मिळणारा फायदा याच्या जवळपासही येत नाही.

पहिली चाचणी फ्रेम घेऊन हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळोखे आणि उजवीकडे उजळ भाग दाखवणारा आलेख, पाहावा. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना स्क्रीनवरची प्रतिमा नेहमी प्रखर वाटते आणि म्हणून लोक एक्स्पोजर कमी करतात. घरी गेल्यावर तीच फ्रेम चिखलासारखी काळी निघते. हिस्टोग्रामचा उंचवटा डावीकडून चतुर्थांश ते तृतीयांशाच्या दरम्यान असावा आणि डाव्या भिंतीला चिकटलेला नसावा.

तपासणी: फ्रेममध्ये विमानाचा प्रकाश, दूरच्या वाहनाचा झोत किंवा स्वतःच्या हेडलॅम्पचा लाल डाग आला आहे का, हे याच वेळी पाहावे.

टप्पा ७: मालिका चित्रित करणे

एकच फ्रेम घेऊन घरी जाणे हा आळस महागात पडतो. एकसारख्या फ्रेम एकमेकींवर रचल्यास त्यांतील यादृच्छिक नॉइज फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. १६ फ्रेममधून तो एक चतुर्थांशावर येतो. म्हणून किमान १६ ते २० फ्रेम सलग घ्याव्यात. शटर हाताने दाबू नये. दोन सेकंदांचा टायमर, रिमोट किंवा इंटरव्हल सुविधा वापरावी.

इंटरव्हल लावताना एक फसगत नेहमी होते. अनेक कॅमेऱ्यांत इंटरव्हल म्हणजे एका फ्रेमच्या आरंभापासून दुसऱ्या फ्रेमच्या आरंभापर्यंतचा काळ असतो. शिवाय कित्येक कॅमेऱ्यांत १५ सेकंद असे लिहिलेला शटर प्रत्यक्षात १६ सेकंद आणि ३० लिहिलेला ३२ सेकंद उघडा राहतो. त्यामुळे १५ सेकंदांच्या एक्स्पोजरला १५ सेकंदांचा इंटरव्हल दिल्यास कॅमेरा एकाआड एक फ्रेम गाळतो. इंटरव्हल दोन-तीन सेकंद अधिक ठेवावा.

आकाशाची मालिका संपल्यावर लेन्सला टोपी लावून, त्याच शटर आणि त्याच आयएसओवर आठ-दहा काळ्या फ्रेम घ्याव्यात. सेन्सर तितकाच उबदार असताना घेतलेल्या या फ्रेम चमकणारे सदोष पिक्सेल वजा करण्यास उपयोगी पडतात. संध्याकाळी भूभागाची फ्रेम घेतली नसेल तर ती आता घ्यावी: आयएसओ ८०० ते १६००, शटर दोन ते पाच मिनिटे, फोकस पुढच्या वस्तूवर. तारे या फ्रेममध्ये ओढले जातील, त्याची चिंता नको.

ताऱ्यांच्या वर्तुळाकार रेषा हव्या असतील तर मात्र फ्रेमांमधले अंतर शक्य तितके कमी ठेवावे लागते, नाहीतर रेषा तुटक दिसतात. त्यासाठी सलग चित्रण मोड लावून रिमोटचे बटण लॉक करावे. तासाभरात प्रत्येक तारा १५ अंशांचा चाप काढतो, तेव्हा दीड तासाखाली वर्तुळाचा आभास येत नाही. उत्तर गोलार्धात वर्तुळाचे केंद्र ध्रुवताऱ्यापासून एक अंशाहूनही कमी अंतरावर असते आणि क्षितिजापासून त्याची उंची त्या जागेच्या अक्षांशाइतकी असते, त्यामुळे फ्रेम आधीच बांधता येते.

सावधान: संधिप्रकाशानंतरच्या आणि पहाटेपूर्वीच्या एक-दोन तासांत खालच्या कक्षेतील उपग्रह सूर्यप्रकाशात असतात आणि फ्रेममध्ये सरळ रेघा उमटवतात. मालिका मध्यक पद्धतीने (प्रत्येक पिक्सेलसाठी सर्व फ्रेममधले मधले मूल्य घेऊन) रचल्यास त्या बहुतांश पुसल्या जातात, म्हणून अशी फ्रेम जागेवरच डिलीट करू नये.

टप्पा ८: रचणे, जोडणे आणि संस्करण

सर्व रॉ फाइलींना व्हाइट बॅलन्स आणि लेन्सच्या कडांवरील काळोखाची दुरुस्ती एकसारखी लावावी. शार्पनिंग आणि नॉइज कमी करणे यांना या पायरीवर हात लावू नये. त्यानंतर सिक्वेटर किंवा स्टारी लँडस्केप स्टॅकर यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आकाशाचे क्षेत्र आखून ताऱ्यांनुसार फ्रेम जुळवाव्यात. ताऱ्यांनुसार जुळवल्यावर डोंगराची धार पुसट होणारच, म्हणून जमीन भूभागाच्या फ्रेममधून घेऊन मास्कने (चित्राचा ठरावीक भागच निवडणाऱ्या आवरणाने) जोडावी.

जोडाची रेषा हा छायाचित्राचा कस आहे. धारेलगत उजळ किनार दिसत असेल तर मास्क एक-दोन पिक्सेल जमिनीकडे सरकवावा. झाडाच्या फांद्यांमधून आकाश दिसते तिथे हा जोड फार जिकिरीचा होतो, आणि ज्याला तो टाळायचा आहे त्याने टप्पा २ मध्येच स्वच्छ कडेची आकृती निवडावी.

रंगाची पारख ताऱ्यांवरूनच करावी. ज्येष्ठा तांबूस दिसली पाहिजे आणि अभिजित निळसर पांढरा. दोन्ही सारखेच पांढरे असतील तर तारे जळाले आहेत किंवा रंग पिळून निघाला आहे. गाभ्याचा रंग पिवळट तपकिरी असतो, कारण मधली धूळ निळा प्रकाश अधिक अडवते. साऱ्या आकाशाला गडद निळा किंवा जांभळा रंग देण्याची हौस आवरावी. क्षितिजालगत हिरवट झाक आली तर तिला दोष समजून पुसू नये. ती वातावरणाच्या वरच्या थरातील ऑक्सिजनची ५५७.७ नॅनोमीटरची दीप्ती असते आणि अंधाऱ्या जागीच टिपता येते.

कॉन्ट्रास्ट वाढवताना क्लॅरिटी आणि डीहेझ (सॉफ्टवेअरमधील उठाव वाढवणारी व धूसरपणा काढणारी साधने) यांचा वापर केवळ आकाशगंगेच्या पट्ट्यापुरता, मास्क लावून करावा. पूर्ण फ्रेमवर ते लावल्यास बारीक ताऱ्यांची मिठासारखी भुकटी दिसू लागते आणि पट्ट्याचा आकार त्यात हरवतो. नॉइज सर्वांत शेवटी आणि हलक्या हाताने कमी करावा.

तयार चित्र दुसऱ्या दिवशी, उजेडाच्या खोलीत, स्क्रीन मध्यम उजेडावर ठेवून पुन्हा पाहावे. रात्री अंधारात केलेले संस्करण जवळजवळ नेहमीच एका स्टॉपने काळे निघते. आकाश आणि जमीन वेगवेगळ्या वेळी टिपली असतील तर तसे चित्राखाली लिहावे. दोन्ही एकाच जागेवरून, एकाच दिशेने आणि एकाच फोकल लेंग्थने घेतलेली असावीत. मूळ रॉ फाइली व काळ्या फ्रेम सांभाळून ठेवाव्यात, कारण त्याच रात्रीच्या फ्रेम पुढे अधिक चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा रचता येतात.